विश्लेषण : ऑनलाइन गेमची दुनिया नेमकी कोणाची? कंपनीची की खेळाडूंची?

‘न्यू वर्ल्ड’ हा गेम २८ सप्टेंबर २०२१ रोजी बाजारात आला. पहिल्याच आठवड्यात ‘स्टीम’वर एकाच वेळी ९ लाखांहून जास्त लोक तो खेळत होते. सर्व्हरवर जागा मिळावी म्हणून खेळाडू तासन् तास ऑनलाइन रांगेत थांबत होते. गेम ॲमेझॉनचा, म्हणजे पैशांची चणचण असण्याचा प्रश्नच नव्हता.

चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, गेममध्ये नवीन काही येणार नसल्याचं कंपनीनं सांगितलं. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये गेमची विक्री थांबवली आणि ३१ जानेवारी २०२७ रोजी सर्व्हर बंद होतील असं जाहीर केलं. त्या दिवसानंतर, पैसे मोजून गेम घेतलेल्यांनाही तो उघडता येणार नाही. चार-पाच वर्षं घडवलेलं कॅरेक्टर, जमवलेली शस्त्रं, गेममधलं घर, सगळं एकाच दिवशी संपेल.

या बातमीवर खेळाडूंच्या प्रतिक्रिया दोन टोकांच्या होत्या. काहींच्या मते, गेम चालत नसेल तर कंपनीनं तो तोट्यात का चालवावा? तर काहींचं म्हणणं असं की, आम्ही पैसे आणि वेळ दिला, मग आम्हाला न विचारता दरवाजा बंद कसा होऊ शकतो? हा वाद एका गेमपुरता नाही. या प्रकारच्या गेमबद्दल लोकांची मतं इतकी टोकाची का असतात आणि त्या मतांना किंमत किती, हे समजून घ्यायला हवं.

एमएमओआरपीजी म्हणजे काय?

पूर्ण नाव ‘मॅसिव्हली मल्टिप्लेअर ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम’. नाव लांबलचक असलं तरी कल्पना साधी आहे. बीजीएमआयची मॅच अर्ध्या तासात संपते आणि पुढच्या मॅचमध्ये सगळे पुन्हा रिकाम्या हातानं उतरतात. एमएमओआरपीजीत तसं होत नाही. तुम्ही एक कॅरेक्टर तयार करता आणि ते वर्षानुवर्षं वाढवता. त्याच जगात हजारो इतर खेळाडूही असतात. तुम्ही कम्प्युटर बंद केला तरी ते जग सुरू राहतं. तिथं बाजार असतो, भांडणं असतात, दोस्ती होते. खेळाडूंचे कायमचे गट असतात, त्यांना ‘गिल्ड’ म्हणतात.

हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. तुमच्या कम्प्युटरवर असतो तो फक्त त्या जगात शिरण्याचा दरवाजा. वादाचं मूळ इथंच आहे.

एकाच गेमबद्दल दोघांची मतं इतकी वेगळी का?

या प्रश्नाचं सर्वात गाजलेलं उत्तर ब्रिटनच्या रिचर्ड बार्टल यांनी दिलं. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केलेला आणि बार्टल यांनी पुढे वाढवलेला ‘मड’ हा गेम या सगळ्या गेमचा पूर्वज मानला जातो. त्यात चित्रं नव्हती, फक्त मजकूर होता.

‘लोकांना या गेममधून नेमकं काय हवं असतं?’ यावर त्यातल्या अनुभवी खेळाडूंमध्ये मोठी चर्चा झाली. त्या चर्चेच्या आधारावर बार्टल यांनी १९९६ मध्ये एक निबंध लिहिला आणि खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. काहींना यश हवं असतं, म्हणजे लेव्हल, बक्षिसं, आकडे. काहींना शोध घ्यायचा असतो. काही जण माणसांना भेटायला येतात. आणि काहींना इतरांना हरवण्यात मजा वाटते.

आजच्या गेमना ही फूटपट्टी लावली की मतभेद समजायला लागतात.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ पासून सुरू आहे. त्यातल्या सर्वात अवघड ‘मिथिक’ रेडसाठी २० जणांची टीम लागते. एकाची चूक झाली तरी सगळे मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यश हवं असणाऱ्याला ही लढाई म्हणजे सर्वोच्च आनंद. ऑफिस सुटल्यावर तासभर खेळणाऱ्याला ती दुसरी नोकरी वाटते.

‘फायनल फँटसी १४’चे चाहते सांगतात, गेमची गोष्ट म्हणजे एखादी मोठी कादंबरीच. टीका करणारेही तेच सांगतात, फक्त तक्रारीच्या सुरात : गोष्ट संपवल्याशिवाय पुढचं काही खुलं होत नाही आणि ती संपता संपत नाही.

‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलँडच्या कंपनीचा गेम. इथं जहाज फुटलं की कायमचं गेलं. बाजार जवळपास पूर्णपणे खेळाडूच चालवतात. जानेवारी २०१४ मध्ये या गेममधल्या एका तळाचं ‘भाडं’ भरायचं राहून गेलं आणि त्यातून हजारो खेळाडूंची लढाई पेटली. २० तासांहून अधिक चाललेल्या त्या लढाईत फुटलेल्या जहाजांची किंमत खऱ्या पैशांत सुमारे ३ लाख डॉलर असल्याचा अंदाज होता. कुणाला यात थरार दिसतो, कुणाला निव्वळ डोकेदुखी.

‘गिल्ड वॉर्स २’ला मासिक वर्गणी नाही. २०१२ पासून त्यातली सर्वोच्च लेव्हल ८० च आहे. त्यामुळे वर्षभरानं परत आलेला खेळाडूही फार मागे पडलेला नसतो. पण ज्याला आकडा वाढताना पाहायचा असतो, त्याला हाच गेम थांबलेला वाटतो.

म्हणजे ‘हा गेम बेस्ट’ किंवा ‘हा गेम भंगार’ असं कुणी म्हणतं, तेव्हा अनेकदा तो गेमपेक्षा स्वतःला काय हवं आहे ते सांगत असतो.

मग या मतांनी कधी काही बदललं का?

हो, आणि बऱ्याचदा. चित्रपट आवडला नाही म्हणून प्रदर्शनानंतर कोणी तो पुन्हा शूट करत नाही. इथं मात्र तसं घडलं आहे.

सप्टेंबर २०१० मध्ये ‘फायनल फँटसी १४’ आला तो सपशेल आपटला. कंपनीनं माफी मागितली आणि काही काळ मासिक वर्गणीही घेतली नाही. सूत्रं नाओकी योशिदा यांच्याकडे दिली गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुनं जग गोष्टीतच नष्ट करण्यात आलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नव्यानं बांधलेला गेम आला. आज तो या प्रकारातल्या सर्वात मोठ्या गेमपैकी एक आहे.

‘रूनस्केप’च्या खेळाडूंना नवे बदल नको होते, २००७ चाच गेम हवा होता. कंपनीनं २०१३ मध्ये मतदान घेतलं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. तिथं आजही मोठे बदल खेळाडूंच्या मतदानातून जातात. मंजुरीसाठी आधी ७५ टक्के मतं लागत, आता ७० टक्के लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेलं ‘सेलिंग’ हे नवं कौशल्यही खेळाडूंच्या कौलातूनच आलं.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या बाबतीत हे इतकं सरळ झालं नाही. जुना गेम परत आणा, या मागणीवर २०१३ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यानं जाहीर कार्यक्रमात उत्तर दिलं होतं. त्याचा मतितार्थ असा की, तुम्हाला तो हवा आहे असं तुम्हाला वाटतं, पण खरंतर तो तुम्हाला नको आहे. मग चाहत्यांनी ‘नॉस्टॅल्रियस’ नावाचा स्वतःचा अनधिकृत सर्व्हर चालवला. एप्रिल २०१६ मध्ये कायदेशीर नोटिशीनंतर तो बंद पडला. त्याविरोधातल्या याचिकेवर अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनंच ‘क्लासिक’ आवृत्ती आणली आणि ती धो धो चालली.

उलट उदाहरणही आहे. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’मध्ये ३० हून अधिक व्यवसाय होते. कोणी लढवय्या, तर कोणी नर्तक. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीनं गेम सोपा करण्यासाठी ते ९ वर आणले. ज्यांनी एखाद्या व्यवसायात महिने घालवले होते, त्यांची मेहनत एका अपडेटमध्ये पुसली गेली. मोठ्या संख्येनं खेळाडू निघून गेले. डिसेंबर २०११ मध्ये गेम बंद झाला.

पण हा शेवटी गेमच ना?

बाहेरून पाहणाऱ्याला असं वाटणं साहजिक आहे. नॉर्वेच्या मॅट्स स्टीन याच्या आईवडिलांनाही तसंच वाटत होतं. स्नायू क्षीण होत जाणाऱ्या आजारामुळे मॅट्स व्हीलचेअरवर होता. २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. आपल्या मुलाला कधी मित्र मिळाले नाहीत, याचं आईवडिलांना दुःख होतं. त्याच्या निधनाची बातमी त्यांनी त्याच्या ब्लॉगवर टाकली आणि युरोपभरातून ईमेल येऊ लागले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तो ‘इबेलिन’ नावानं खेळायचा. कोणाला त्यानं नैराश्यातून सावरायला मदत केली होती, एका आईला तिच्या मुलाशी पुन्हा बोलतं केलं होतं. अंत्यसंस्काराला त्याच्या गिल्डमधले लोक इतर देशांतून आले.

२०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला. गेममधलं त्याचं आयुष्य त्यात पुन्हा उभं करता आलं, कारण गिल्डनं वर्षानुवर्षांच्या संभाषणाच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्या कंपनीनं नाही, खेळाडूंनी जपल्या होत्या. सर्व्हर बंद होतो तेव्हा काय पुसलं जाऊ शकतं, हे यावरून कळतं.

गेम बंद होऊ नये म्हणून काय सुरू आहे?

‘द क्रू’ हा कार रेसिंगचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी कायमचा बंद झाला. तो एकट्यानं खेळायचा असला तरी सर्व्हर लागायचा. यानंतर यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. कंपनीनं सर्व्हर आयुष्यभर चालवावेत, अशी त्यांची मागणी नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

युरोपियन युनियनमध्ये नागरिकांच्या या मागणीनं जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. पडताळणीनंतर सुमारे १३ लाख सह्या वैध ठरल्या. इतक्या सह्या झाल्यावर युरोपियन आयोगाला उत्तर द्यावंच लागतं, पण कायदा करण्याचं बंधन नसतं. ब्रिटनच्या संसदेतही नोव्हेंबर २०२५ मध्ये यावर चर्चा झाली.

कंपन्यांच्या संघटनेचा विरोध आहे. खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षितता कोण बघणार? बेकायदा मजकूर आला तर जबाबदार कोण? ऑनलाइनसाठीच बनवलेले गेम यामुळे खूप महाग होतील, असे त्यांचे मुद्दे आहेत. एमएमओआरपीजीबाबत ही अडचण अधिकच खरी आहे, कारण तिथं जवळपास सगळा गेम सर्व्हरवरच असतो.

तरीही एक मधला मार्ग दिसला आहे. ‘सिटी ऑफ हीरोज’ नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला. २०१९ मध्ये चाहत्यांचे सर्व्हर उघडपणे सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीनं त्यातल्या ‘होमकमिंग’ या गटाला अधिकृत परवाना दिला. कंपनीला सर्व्हर चालवावा लागत नाही आणि गेम जिवंत आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियानं छोटं पाऊल उचललं आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथं डिजिटल वस्तू विकताना, ग्राहकाला मालकी नाही तर फक्त परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं.

भारतातल्या खेळाडूंचं काय?

आपल्याकडे एमएमओआरपीजी खेळणारे तुलनेनं कमी. बऱ्याच मोठ्या गेमचे सर्व्हर युरोप, जपान किंवा सिंगापूरमध्ये असतात. जर्मनीतल्या गिल्डची रात्री ८ ची रेड हिवाळ्यात आपल्याकडे साडेबाराला सुरू होते. म्हणजे पुण्यातल्या खेळाडूचं मत गेमइतकंच झोप आणि नेटच्या वेगावरही ठरतं.

पण खातं अचानक हातातून जाण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरपासून तो भारतात चालेनासा झाला. तिथं कारण सरकारी आदेशाचं होतं, पण खेळाडूच्या हातात उरलं शून्य. २०२१ मध्ये बीजीएमआय आला तेव्हा जुना डेटा नव्या गेममध्ये नेता आला, तोही कंपनीनं सोय दिली म्हणून. तो खेळाडूचा हक्क नव्हता.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर आहे. सर्व्हर बंद झाला तर खेळाडूला काय मिळावं, हा त्याचा विषय नाही.

थोडक्यात काय?

कागदावर मालकी कंपनीची आहे, यात शंका नाही. पण खेळाडू नसतील तर त्या जगात उरतात फक्त रिकाम्या इमारती. ज्या कंपन्यांनी खेळाडूंचं ऐकलं, त्यांचे गेम दहा-वीस वर्षं टिकले. ऐकायचं की नाही, हे मात्र आजही कंपनीच ठरवते, आणि स्टॉप किलिंग गेम्सला नेमकं तेच बदलायचं आहे.

तोवर नवा गेम सुरू करताना दुसऱ्याचा रिव्ह्यू वाचण्याआधी, आपण बार्टल यांच्या चारपैकी कोणते, हे स्वतःला विचारलेलं बरं. आणि गेममध्ये दोस्ती झालीच, तर त्या मित्राचा नंबर गेमच्या बाहेरही घेऊन ठेवावा. सर्व्हर बंद झाला तरी तो चालू राहतो.