क्रॉस बदलून पीळ जात नाही

जीप, जिप्सी आणि बोलेरो दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांना एक तक्रार नेहमी ऐकावी लागते. गाडी कच्च्या रस्त्याने चढावर घेतली की मागून धडधड होते, गाडी उड्या मारते आणि दर काही महिन्यांनी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो. गिऱ्हाईक गाडी घेऊन येते, मिस्त्री नवा क्रॉस बसवतो, गाडी जाते आणि तोच क्रॉस तोडून पुन्हा परत येते. तिसऱ्या खेपेला गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजचा रस्ता धरते आणि जाताना पहिल्या मिस्त्रीच्या नावाने चार शब्द बोलून जाते. आमचे स्पष्ट मत असे की, या व्यवहारात गिऱ्हाइकाइतकेच कारागिराचेही नुकसान आहे. ते टाळायचे असेल तर क्रॉस बदलण्याआधी कमानीकडे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

मूळ दुखणे काय आहे ते आधी समजून घेऊ. कमानीवरच्या गाडीत पाट्यांकडे तीन कामे असतात. पहिले, गाडीचे वजन पेलणे. दुसरे, मागचा ॲक्सल आपल्या जागी धरून ठेवणे. तिसरे काम सहसा कोणी लक्षात घेत नाही. इंजिनाचा जोर चाकांना फिरवतो तेव्हा तोच जोर ॲक्सलच्या हाउसिंगला उलट्या दिशेने फिरवू पाहतो. चाक पुढे फिरते आणि हाउसिंगचे नाक, म्हणजे पिनियनची बाजू, वर उचलू लागते. तिला रोखणारे कमानीशिवाय दुसरे काही नसते. कमान मऊ असेल, झिजलेली असेल किंवा सैल असेल तर ती रोखू शकत नाही. ॲक्सलच्या पुढचा पाट्याचा भाग वर आणि मागचा भाग खाली वाकून कमानीला नागमोडी पीळ पडते. इंग्रजीत याला ॲक्सल रॅप म्हणतात. पीळ मर्यादेबाहेर गेली की चाक घसरते, कमान झटक्याने सरळ होते, चाक पुन्हा जमीन पकडते आणि पीळ पुन्हा सुरू होते. गिऱ्हाईक ज्याला धडधड म्हणते ती हीच.

हा जोर किती असतो याचा हिशेब करून पाहावा. इंजिन २० किलोग्रॅम-मीटर जोर देते असे हिशेबापुरते धरू. पहिल्या गिअरमध्ये तो चारपट, लो रेंजमध्ये अडीचपट आणि क्राउन-पिनियनमध्ये पुन्हा चारपट होतो. म्हणजे एकूण ४० पट, अर्थात ८०० किलोग्रॅम-मीटर. चारही चाकांना जोर दिलेला असेल आणि चाकांनी जमीन घट्ट धरली असेल तर मागच्या ॲक्सलच्या वाट्याला सुमारे निम्मा, म्हणजे ४०० येतो. दोन कमानींत वाटला तर प्रत्येकीवर २००. एक मीटर लांब पहारीच्या टोकाला २०० किलो वजन टांगून ती पहार कमानीच्या मध्यावर पिळावी, असा हा भार आहे. चढावर पुढची चाके हलकी झाली की मागचा वाटा याहूनही वाढतो. एवढा भार ज्या पाट्यांवर रोज पडतो, त्यांच्याकडे न पाहता फक्त क्रॉस बदलणे म्हणजे गळक्या छपराखालची जमीन पुसत बसणे होय.

ही पीळ वाढवण्यात आपल्याच काही चुकीच्या रूढींचा हात आहे, हेही सांगितले पाहिजे. आजकाल तरुण गिऱ्हाइकांना गाडी उंच हवी असते. ती उंच करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कमान आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी गुटका घालणे. हे काम तासाभरात होते, पण जमिनीपासून कमानीपर्यंतची उंची जेवढी वाढते तेवढा कमान पिळणारा जोरही वाढतो. गुटक्यावर गुटका रचणे तर निव्वळ धोक्याचे आहे, आणि पुढच्या ॲक्सलखाली गुटका कधीही घालू नये, कारण ब्रेक लावताना तिथे उलट्या बाजूची पीळ पडते. दुसरा प्रकार असा की, जुन्या जीपमध्ये आणि जिप्सीमध्ये कमान ॲक्सलच्या खाली असते, ती उचलून ॲक्सलच्या वर बसवतात. उंची चांगली मिळते, पण पिळीचा बंदोबस्त केल्याशिवाय असे काम करून गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देणे आम्हाला योग्य वाटत नाही. मोठी चाके लावल्यानेही हाच परिणाम होतो.

मग उपाय काय? आमच्या मते उपायांना क्रम आहे, आणि तो क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो.

सर्वांत आधी तपासणी. यू बोल्ट सैल आहेत काय, सेंटर बोल्ट कापला गेला आहे काय, एखादा पाटा तडकला आहे काय, कमानीच्या डोळ्यातील बुश संपले आहेत काय, हाउसिंगवर कमान बसते त्या जागेची वेल्डिंग सुटली आहे काय, हे पाहावे. पाट्यांच्या सांध्यातून तांबूस गंजाची भुकटी झडत असेल तर तिथे हालचाल होत आहे असे समजावे. यू बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत, नवे घालावेत. ते आडव्या जोडीने थोडे थोडे आवळावेत आणि गाडी काही शे किलोमीटर चालल्यावर परत बोलावून पुन्हा आवळावेत. पुष्कळ गाड्यांचे दुखणे एवढ्यावरच थांबते.

तपासणीची एक पद्धत मात्र फसवी आहे. काही मिस्त्री ब्रेक दाबून, पहिला गिअर टाकून क्लच अर्धा सोडतात आणि हाउसिंग हलत नाही म्हणून कमान ठीक असल्याचा निर्वाळा देतात. मागच्या चाकांचे ब्रेक हाउसिंगवरच बसवलेले असतात. ब्रेकने चाक अडवले की जोर तिथल्या तिथे हाउसिंगमध्ये जिरतो आणि कमानीपर्यंत तो पोहोचतच नाही. खरी पीळ पाहायची असेल तर ब्रेक न लावता गाडी लो रेंजमध्ये हळूहळू चढावर न्यावी आणि मोबाइलचा कॅमेरा चेसिसला घट्ट बांधून पिनियनकडे रोखून ठेवावा. गाडीखाली डोके घालून पाहण्याचा मोह कोणीही करू नये. ते चित्रण गिऱ्हाइकाला दाखवले की दहा मिनिटांचे समजावणे वाचते.

दुसरा उपाय कमानीचा. गुटका असेल तर काढून टाकावा आणि उंची हवीच असेल तर योग्य गोलाईची कमान बसवावी. इथे बहुतेक ठिकाणी एकच औषध दिले जाते, ते म्हणजे पाटे वाढवणे. पाटे वाढवले की पीळ कमी होते हे खरे. पण रिकामी गाडी दगडासारखी कडक होते, खडकाळ जागी एक चाक हवेत राहते आणि चेसिसला तडे जाऊ लागतात. त्यापेक्षा कमानीचा फक्त पुढचा अर्धा भाग कडक करणे शहाणपणाचे, कारण पिळीला तोच अडवतो. पुढच्या डोळ्यापर्यंत पोहोचणारा एक जादा अर्धा पाटा घालावा, पुढच्या भागातील पाट्यांच्या क्लिपा घट्ट ठेवाव्यात आणि मागच्या मोकळ्या ठेवाव्यात. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या गाड्यांत ॲक्सल कमानीच्या मध्याऐवजी पुढे सरकवून बसवला. त्यामुळे पुढचा भाग आखूड व कडक राहिला आणि मागचा लांब भाग मऊ राहिला. हे तत्त्व आपल्याकडचा कोणताही कमानीचा कारागीर समजू शकतो.

पाट्यांबाबत दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पाट्यावर वेल्डिंग कधीही करू नये आणि गॅसच्या ज्वाळेने पाटा तापवून गोलाई देऊ नये. पाट्याच्या पोलादाची लवचीकता त्याला दिलेल्या पाण्यात असते. ते पाणी उतरले की पाटा एक तर बसतो किंवा तुटतो, आणि तो तुटण्याची जागा घाटातले वळणही असू शकते.

तिसरा उपाय शॉकअपचा. मागचे दोन्ही शॉकअप ॲक्सलच्या एकाच बाजूला असतील तर उड्या रोखायला ते फारसे उपयोगी पडत नाहीत. एक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला तर हाउसिंगच्या डुलण्याला लगाम बसतो. शेव्हरले कंपनीच्या १९६७ च्या कॅमारो गाडीत एकपाती कमान होती व चाके उड्या मारण्याची तक्रार होती. १९६८ मध्ये कंपनीने शॉकअप असे पुढे-मागे बसवले आणि जादा ताकदीच्या गाड्यांना अनेक पाट्यांची कमान दिली. शॉकअप उड्या कमी करतो, पण पिळीचे मूळ कारण काढत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

एवढे करूनही पीळ राहिली तरच चौथा उपाय, म्हणजे ट्रॅक्शन बार. याचे एक टोक हाउसिंगला वर आणि खाली असे दोन ठिकाणी पकडलेले असते आणि दुसरे टोक पुढे चेसिसच्या आडव्या पट्टीला येते. बहुतेक चुका इथेच होतात. पुढचे टोक चेसिसला घट्ट जखडले तर कमान दबताना बार आणि कमान दोन वेगवेगळ्या वर्तुळांत फिरतात, एकमेकांना अडवतात आणि शेवटी वेल्डिंग फाटते. म्हणून पुढच्या टोकाला उभी शेकल द्यावी, म्हणजे बार पुढे-मागे सरकू शकेल, पण वर उचलणार नाही. बारची लांबी साधारण प्रोपेलर शाफ्टएवढी असावी आणि सांध्यांत बुश असावेत, म्हणजे एक चाक उचलले तरी बार अडकणार नाही. वेल्डिंग हाउसिंगच्या पोलादी नळीवर करावी, मधल्या ओतीव भागावर टाळावी, आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची वायर काढावी. बार ॲक्सलच्या खाली लोंबू देऊ नये, नाही तर पहिल्याच दगडाला तो अडकेल.

कायद्याची बाजूही गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे लावले आहे. झिजलेला पाटा किंवा यू बोल्ट बदलणे ही दुरुस्ती झाली. गाडी उंच करणे, चेसिसला वेल्डिंग करणे ही वेगळी गोष्ट आहे. ती रस्त्यावर अडवली गेली तर दोष मिस्त्रीच्या माथी येतो.

आता मुद्दा धंद्याचा. कोणी म्हणेल, एवढी तपासणी करायला वेळ कुठे आहे आणि त्याचे पैसे देतो कोण? आमचे म्हणणे असे की, ते पैसे आपण मागत नाही म्हणूनच कोणी देत नाही. क्रॉसची किंमत गिऱ्हाईक दुकानात विचारून येते, त्यावर मिस्त्रीला फारसे सुटत नाही. उस्तादांच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून मिळवलेली नजर मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. तिची मजुरी बिलावर वेगळी लिहावी. गाडीत काय आढळले, काय बदलले, यू बोल्ट पुन्हा आवळायला कधी यायचे, हे चार ओळींच्या चिठ्ठीवर लिहून द्यावे. सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनीही नुसता गुटका किंवा क्रॉस काउंटरवर ठेवण्याआधी तो कशासाठी हवा हे विचारावे.

या कामाला उतरती कळा लागली आहे असा समज पसरत आहे. २०२० पासूनच्या नव्या थारमध्ये मागेही कॉइल स्प्रिंग आली आणि जिप्सीची निर्मिती बंद झाली, हे खरे आहे. परंतु २०१० पासूनच्या दशकातील मागे कमान असलेल्या थार, जंगल सफारीच्या जिप्सी आणि शेतमाल वाहणारे बोलेरो पिकअप अजून रस्त्यावर आहेत, आणि गाडी जेवढी जुनी तेवढी तिला जाणत्या कारागिराची गरज जास्त. शागीर्दाला क्रॉस बसवायला आपण पहिल्याच वर्षी शिकवतो. तो का तुटला हे शोधायलाही त्याच वर्षी शिकवले, तर ही गिऱ्हाइके पुढची अनेक वर्षे आपल्याच दारी येतील.