कनिष्ठांचे आसन

गेल्या दिवाळीत आमच्या घरी सर्व मंडळी जमली होती. आमच्या वडीलबंधूंची नात खगोलशास्त्रात पीएच.डी. होऊन सध्या परदेशी संशोधन करीत असते. ऐन फराळाच्या वेळी तिने दूरध्वनीवरून आनंदाची वार्ता कळविली की, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तिला कनिष्ठ सभासद करून घेतले. वडीलबंधूंनी तत्काळ विचारले, "पगारात काही भर?" "नाही हो, आजोबा." "मग एखादी पदवी?" "तीही नाही." "मग मिळाले तरी काय?" पोर हसून म्हणाली, "बसायला जागा मिळाली!" वडीलबंधूंस हे उत्तर थट्टेचे वाटले. आम्हांस मात्र ते फार अर्थपूर्ण वाटले, आणि म्हणूनच ह्या महिन्यात त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

हा संघ १९१९ साली ब्रुसेल्स येथे स्थापन झाला. २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठविणारा तो हाच, असे म्हटले म्हणजे वाचकांस ओळख पटेल. अशा संघाचे सभासदत्व म्हणजे स्वाभाविकच नावारूपास आलेल्या पंडितांचा मान. तथापि २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्ना येथील अधिवेशनात संघाने कनिष्ठ सभासदांचा एक निराळा वर्ग निर्माण केला. नुकतीच पीएच.डी. झालेल्या तरुणांस ठराविक वर्षांपुरते त्यात घेतले जाते. देशोदेशींच्या अशा तरुणांची परस्परांशी ओळख होते, आणि त्यांच्या प्रश्नांचा विचार करणारा एक कार्यगटही आहे.

ह्या मंडळींचे प्रश्न कोणते? पीएच.डी. झाली की आयुष्याची चिंता मिटली, अशी आपली भाबडी समजूत असते. वस्तुतः तेथूनच वणवण सुरू होते. दोन-तीन वर्षांची एक नेमणूक, ती संपते न संपते तोच दुसऱ्या देशात दुसरी; बिऱ्हाड म्हणून ते थाटावयाचेच नाही. पुढील नेमणूक मिळावयाची ती वरिष्ठांच्या शिफारसपत्रावर. आता ज्याच्या पत्रावर आपली भाकरी अवलंबून, त्याचे मत चुकीचे आहे असे भरसभेत कोण म्हणेल?

असे म्हणू पाहणाऱ्या एका तरुणाचे काय झाले, ते सांगण्यासारखे आहे. १९३० साली एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर मुंबईहून आगबोटीने विलायतेस निघाला. त्या प्रवासातच त्याने गणित मांडले की, श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानास एक मर्यादा आहे. ती ओलांडली तर तारा त्या स्थितीत टिकू शकत नाही. पुढे ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या राजेशाही खगोलसंस्थेपुढे त्याने आपला निबंध वाचला. लागलीच आर्थर एडिंग्टन उठले. ते त्या काळचे ह्या शास्त्रातील अग्रणी, आणि चंद्रशेखरच्या कामाची महिनोन्महिने विचारपूस करणारे. त्यांनी त्या सिद्धान्ताची अशी काही टर उडविली की सभा हसली. त्याच वर्षी जुलैत पॅरिसला ह्याच आंतरराष्ट्रीय संघाचे अधिवेशन भरले. तेथे एडिंग्टन तासभर बोलले. चंद्रशेखरने उत्तर देण्याची अनुज्ञा मागितली. अध्यक्षस्थानी असलेल्या हेन्री नॉरिस रसेल ह्यांनी ती दिली नाही. मोठमोठे पदार्थवैज्ञानिक खासगीत त्याची बाजू खरी मानीत, पण उघडपणे बोलले नाहीत. चंद्रशेखर अमेरिकेस गेला, १९३९ साली त्या विषयावर ग्रंथ लिहून त्याने तो विषयच बाजूस ठेवला, आणि १९८३ साली नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला.

आता ह्याच्या उलट चित्र पाहा. १९६१ च्या फेब्रुवारीत लंडनच्या त्याच संस्थेत मार्टिन राइल ह्यांच्या निरीक्षणांवर वाद व्हावयाचा होता. विश्वाच्या स्थिरस्थिती सिद्धान्ताचे पुरस्कर्ते फ्रेड हॉइल ह्यांना त्या दिवशी येणे शक्य नव्हते. त्यांनी आपल्या बावीस वर्षांच्या शिष्यास, आपल्या जयंत नारळीकरांस, व्यासपीठावर धाडले. पुढे तो सिद्धान्त बहुसंख्य शास्त्रज्ञांनी सोडून दिला, हे खरे. परंतु आमचा मुद्दा हाच आहे. तरुणास बोलू द्यावयाचे ते तो बरोबरच असेल म्हणून नव्हे. बरोबर कोण, हे सर्वांचे ऐकल्यावाचून ठरतच नाही म्हणून. नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात 'आयुका' उभारली आणि विद्यापीठांतील शिक्षक-विद्यार्थ्यांस तिची दारे खुली केली, ह्यात त्या दिवसाचे ऋण आम्हांस दिसते.

कोणी म्हणेल, ज्ञानाच्या क्षेत्रात वयाचे तट कशास? सत्य स्वतःच्या बळावर उभे राहतेच की! राहते, पण केव्हा? चंद्रशेखरला नोबेल मिळण्यास पॅरिसच्या त्या सभेनंतर अठ्ठेचाळीस वर्षे लागली. तो असामान्य होता म्हणून तगला. जे तगले नाहीत त्यांची गणती कोणत्या इतिहासात आहे?

महाभारताच्या वनपर्वात जनकाच्या यज्ञमंडपाशी द्वारपालाने बाल अष्टावक्रास अडविले, कारण आत केवळ वृद्ध विद्वानांस प्रवेश होता. केस पांढरे झाल्याने कोणी वृद्ध होत नाही, असे त्याने ठणकावून सांगितले आणि आत जाऊन वाद जिंकला. ही कथा आपण मुलांस कौतुकाने सांगतो. मात्र आपणच घरोघरी द्वारपाल होऊन बसलो आहोत, हे ध्यानात येत नाही. अर्थात केवळ सभासद करून घेतल्याने सर्व साधले असे नाही. तरुणाने उत्तरासाठी हात वर केला असता अध्यक्ष त्यास वेळ देतो की नाही, हीच खरी कसोटी.

ती कसोटी आमच्या दिवाणखान्यातही आहे. फराळानंतर वडीलबंधूंनी नातीस पुन्हा दूरध्वनी लावविला आणि म्हणाले, "तू काय शोधतेस ते मला समजेल असे सांग पाहू." ती अर्धा तास बोलत होती. मध्ये कोणी बोलले नाही.