होस्टेलची यादी आणि आपला गल्ला

जून लागला की जव्हारच्या बाजारात दोन प्रकारचे गिऱ्हाईक येते. एक बियाणे आणि छपरावर टाकायचा प्लॅस्टिकचा कागद घेणारे. दुसरे मुलाला नाहीतर मुलीला होस्टेलवर पोचवायला निघालेले. साखरशेतच्या शासकीय आश्रमशाळेतून बाहेर पडलेली मुले कुणी जव्हारच्या गोखले एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयात जातात, कुणी नाशिकला, कुणी ठाण्या-मुंबईला. पूर्वी अशी माणसे आमच्यासारख्या कापडवाल्याकडून चादर, टॉवेल आणि दोन जोड कपडे घेत, शेजारून पत्र्याची पेटी घेत आणि एस.टी. गाठत. आता यादीत कपडा सर्वांत खाली असतो. वर मोबाइल, पॉवर बँक, केटल, पाणी तापवायचा रॉड, ब्लूटूथचा स्पीकर. त्याबद्दल आमची तक्रार नाही, काळाप्रमाणे बाजार बदलतो. पण हा माल विकणाऱ्या दुकानांतून आपली बरीच तरुण मुले बसलेली आहेत. हे लिहिणे मुख्यत: त्यांच्यासाठी आहे.

या यादीमागचा पैसा कसा येतो तो आधी पाहावा. जव्हार-मोखाड्यात भात, नागली, वरई पिकते, आणि पीक घरात आले की अनेक कुटुंबे वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीवाल्याकडून घेतलेली उचल पुढे अंगमेहनतीने फेडावी लागते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. त्यात जेवणाखाण्याचे आणि राहण्याचे पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. म्हणजे आपल्या काउंटरवर येणारी नोट एक तर कुणाच्या तरी पाठीवरच्या विटांची आहे, नाहीतर पोरीच्या जेवणाची.

मागे साखरशेतकडचे एक गृहस्थ चादर घ्यायला आले होते. मुलगी नाशिकला होस्टेलवर जायची होती. हातात शेजारच्या मुलाने लिहून दिलेली यादी. म्हणाले, “शेठ, यातले काय घ्यावे? दुकानवाला म्हणतो सगळेच लागते.” आम्ही विचारले, “होस्टेलात रॉड, केटल चालते का? खोलीत प्लग किती?” त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या फोनवरून वॉर्डनबाईंना विचारले तेव्हा कळले की दोन्ही वस्तूंना बंदी आहे, सापडल्या तर जप्त होतात. दोन वस्तू तिथेच यादीतून गेल्या.

ही बंदी लहरीखातर नसते. खोलीतला साधा प्लग ६ अँपिअरचा. २३० व्होल्टने गुणले तर १३८० वॅट होतात. रॉड एकटाच १५०० वॅटचा असतो. चार मुलींनी एका बोर्डावर आपापली वस्तू लावली की वायर तापते, मग वितळते, आणि वर गादी, पुस्तके, कपडे असतातच. साधा एक्स्टेन्शन बोर्ड तेवढा होस्टेलात खरोखर लागतो. तो घ्यावा तर आय.एस.आय. मार्कचा, आत फ्यूज किंवा एम.सी.बी. असलेला, जाड वायरचा. स्वस्त बोर्डात पितळेच्या नावाखाली पातळ पत्रा असतो आणि पिन सैल बसते. ठिणगी तिथेच उडते.

कापडात आम्ही थानाच्या काठावरचा छाप वाचतो. शंका आली तर धागा जाळतो: सूत असेल तर कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख, पॉलिएस्टर असेल तर कडक मणी. विजेच्या मालाचा काठ म्हणजे त्यावरचा नंबर. आय.एस.आय. मार्काजवळ सी.एम./एल. असा परवाना क्रमांक असावा लागतो. पॉवर बँक आणि मोबाइलच्या चार्जरवर आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. दोन्ही नंबर बी.आय.एस. केअर या सरकारी अॅपवर टाकून पाहता येतात, एका मिनिटाचे काम आहे. जो घाऊकवाला नंबर दाखवायला टाळाटाळ करतो त्याचा माल भरूच नये, मार्जिन कितीही असो.

पॉवर बँक मात्र जव्हारच्या मुलाला लागते. पावसात या डोंगरात वीज जाते ती कधी येईल ते सांगता येत नाही. १०,००० एम.ए.एच.ची पुरेशी आहे. ५,००० ची बॅटरी असलेला फोन तिने दोनदा भरत नाही, दीड वेळेच्या आसपास भरतो, कारण व्होल्टेज बदलताना काही वीज वाया जाते. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितले तर महिन्याने भांडण होत नाही. तिच्याबरोबर चार्जिंगचा एल.ई.डी. दिवा द्यावा. स्पीकर देऊ नये. स्पीकर विकण्यात नफा आहे हे आम्हालाही समजते, पण चार जणांच्या खोलीत अभ्यास करणाऱ्याला त्याचा जाच होतो.

लॅपटॉपबद्दल थोडे सविस्तर, कारण मोठी रक्कम तिथेच बुडते. कला-वाणिज्याच्या पहिल्या वर्षाला तो सहसा लागत नाही. डिप्लोमावाल्याने आधी साधा सायंटिफिक कॅलक्युलेटर घ्यावा, प्रोग्रॅम भरता येणारा नको, तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षेत तो चालत नाही. लॅपटॉप लागलाच तर लोक जुना, कंपन्यांतून उतरलेला घेतात. त्यात गैर काही नाही. पण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या मशीनवरच रीतसर चालते. आय-फाइव्हपुढच्या चार आकडी क्रमांकाचा पहिला आकडा ६ किंवा ७ असेल तर ते मशीन मागे पडलेले समजावे. असा माल दुकानात असेल तर तसे सांगून, त्या भावात विकावा. मदिनेच्या बाजारात रसूलुल्लाह (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. जुन्या लॅपटॉपची पिढी लपवणे आणि ओले धान्य खाली ठेवणे यांत आम्हाला फरक दिसत नाही.

आता हप्त्याचे. दुकानावर “शून्य टक्के व्याज” असा फलक लावायचा आणि आत प्रोसेसिंग फी घ्यायची, रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला द्यायची नाही. हे व्याजच आहे, फक्त दुसऱ्या खिशातून काढलेले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. आपल्यासाठी तर हा सुदाचा प्रश्न आहे. ज्याला शक्य आहे त्याने ओळखीच्या घराला वहीवर द्यावे: किंमत पहिल्या दिवशी ठरवावी, ती लिहावी, दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि हप्ता चुकला तरी एक रुपया वाढवू नये. कापडाच्या धंद्यात वीटभट्टीवरून परत येणाऱ्यांना आम्ही वर्षानुवर्षे असेच दिले आहे. थोडी उधारी बुडते हे खरे, बहुतेक येते.

दुरुस्ती करणाऱ्या कारागीर भावांकडे एक मागणी आहे. जुना फोन विकताना *#०६# दाबून आलेला आय.एम.ई.आय. नंबर बिलावर लिहा, आणि घेण्याआधी तोच नंबर के.वाय.एम. अक्षरांसह १४४२२ वर एस.एम.एस. करून तपासा. चोरीचा फोन पोराच्या हाती गेला तर पोलीस साखरशेतपर्यंत जातात, आणि तिथून आपल्या दुकानापर्यंत. बिलावर तीन महिन्यांची लेखी हमी द्या, बॅटरीची वेगळी. मुलगा नाशिकला असेल तर फोन बापाच्या हाती एस.टी.ने येईल, तो दुरुस्त करून त्याच दिवशी परतीच्या गाडीला देता येईल अशी तयारी जून-जुलैत ठेवावी.