शेण चुलींत कीं शेतांत ?

गोवरी फुकट पडते, असें पुष्कळ शेतकरीबंधु समजतात. आमच्या मतें तिच्याइतकें महाग सरपण नाहीं. ती जळतांना तिच्यांतील नत्र धुराबरोबर हवेंत जातें. राखेंत पालाश व स्फुरद तेवढें उरतें. साध्या चुलींत उष्णतेपैकीं शेंकडा सुमारें १० भागच भांड्यास लागतात. अर्धवट ज्वलनानें कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु व बारीक काजळी हीं निघतात. विडीच्या धुरांतही हींच द्रव्यें आहेत. परंतु विडी मनुष्य स्वखुशीनें ओढतो, चुलीपुढील स्त्रीस मात्र धूर निरुपायानें घ्यावा लागतो. तेंच शेण गोबरगॅसच्या टाकींत घातल्यास मिथेन वायु धुराविना जळतो आणि बहुतेक नत्र रबडींतून शेतास मिळतें. टाकीस पैसा लागतो हें खरें. पण ४-५ जनावरें बाळगणाऱ्यानें खताच्या पोत्यांचा दरसालचा खर्च मांडून मगच तिला महाग म्हणावें.