‘नव्व्याण्णव टक्के अचूक’ म्हणजे किती अचूक?



२०२०-२१ च्या करोना साथीत दोन रेघांची पट्टी घरोघरी ठाऊक झाली. तशीच एक पट्टी बुरशीमुळे होणारा एक गंभीर रोग ओळखण्यासाठीही वापरतात. ‘क्रिप्टोकॉकस’ नावाची बुरशी मातीत आणि पारव्यांच्या विष्ठेत आढळते. ती श्वासावाटे शरीरात शिरते. पण निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. एच.आय.व्ही.मुळे ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, त्यांच्या मात्र ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते. मग वेळेवर उपचार झाले नाहीत, तर रोगी दगावतो.

ही बुरशी शोधण्याची जुनी रीत अशी : पाठीच्या कण्यातले पाणी काढायचे, त्यात काळी शाई मिसळायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बुरशी थोडी असली, तर ती नजरेतून निसटते. प्रयोगशाळेत ती वाढवून पाहायची, तर कित्येक दिवस जातात. नव्या पट्टीला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्तद्रवाचा थेंब पुरतो. केशाकर्षणाने द्रव पट्टीवर चढतो. बुरशीच्या कवचातील शर्करा, म्हणजे प्रतिजन, त्यात असेल, तर सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडे तिला पकडतात. ती जोडी पुढे पट्टीवर पक्क्या बसवलेल्या प्रतिपिंडांत अडकते आणि रेघ उमटते. सारे काम दहा मिनिटांत!

आता प्रश्न अचूकतेचा. समजा, ही पट्टी शंभर रोग्यांपैकी ९९ जणांना ‘आहे’ म्हणते आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी ९९ जणांना ‘नाही’ म्हणते. मग तिने ‘आहे’ म्हटलेल्या माणसाला रोग असण्याची शक्यता ९९ टक्केच ना? थांबा. कागद-पेन्सिल घ्या.

प्रतिकारशक्ती खालावलेले १०,००० जण तपासले आणि त्यांतील ६०० जणांना खरोखर रोग आहे, असे धरू. पट्टी त्यांपैकी ५९४ जणांना ओळखील. उरलेल्या ९,४०० निरोग्यांपैकी ९४ जणांनाही ती चुकून ‘आहे’ म्हणेल. एकूण ६८८ होकारांपैकी ५९४ खरे, म्हणजे सुमारे ८६ टक्के.

आता तीच पट्टी सरसकट १०,००० धडधाकट लोकांना लावली आणि त्यांत रोगी एकच आहे, असे समजा. होकार येतील सुमारे १०१, आणि त्यांतला खरा एकच! पट्टी बदलली नाही, तिच्या होकाराचे मोल मात्र ८६ टक्क्यांवरून एका टक्क्यावर आले. शंभर निरोगी माणसांच्या पाठीत विनाकारण सुई टोचली जाईल, ती वेगळीच.

नकाराचेही तसेच आहे. पहिल्या गणितात ६०० पैकी ६ रोगी निसटलेच. गंमत म्हणजे, नमुन्यात प्रतिजन अतोनात असले, तरी रेघ कधीकधी उमटत नाही. दोन्हीकडच्या प्रतिपिंडांना वेगवेगळे प्रतिजन चिकटतात आणि त्यांची साखळी जुळतच नाही. अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा तपासावा लागतो. लक्षणे दिसत असताना केवळ पट्टीच्या ‘नाही’वर विसंबून डॉक्टर स्वस्थ बसत नाहीत, ते यासाठीच.

मग पट्टी निरुपयोगी का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने या प्रतिजनाची रक्ततपासणी सुचवली आहे ती प्रतिकारशक्ती फार घटलेल्या एच.आय.व्ही.बाधितांसाठी, सरसकट सर्वांसाठी नव्हे. त्यामागे हेच गणित आहे. लक्षणे दिसण्याआधी रोग सापडला, तर प्राण वाचू शकतात.

माझे म्हणणे एवढेच की, ‘९९ टक्के अचूक’ हे वाक्य अर्धवट आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात व्हर्निअरची शून्यत्रुटी पाहिल्याशिवाय आपण मोजमाप मान्य करत नाही. मग जिवाशी गाठ असलेल्या मोजमापाला सूट का द्यावी? अशी जाहिरात वा बातमी दिसली की तीन प्रश्न विचारा : खऱ्या रोग्यांपैकी किती सापडतात? निरोग्यांपैकी किती जण चुकून पकडले जातात? आणि तपासणी कोणाची चालली आहे?

शिक्षकांनी शेकडेवारीच्या तासाला हेच उदाहरण रोग्यांची संख्या बदलून मुलांकडून सोडवून घ्यावे. नफा-तोट्याची गणिते आपण पुष्कळ केली. हेही एकदा करून पाहू या.