भोपळ्याची तहान

लष्कर म्हटले की आपल्याला फौज आठवते; ग्वाल्हेरला मात्र ते शहराच्या एका भागाचे नाव आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्याभोवती ही वस्ती वाढली आणि तिच्यात मराठी घरेही रुजली. माझी मावशी लग्न होऊन तिथेच गेली. २०२४ च्या मे महिन्यात मी आठवडाभर तिच्याकडे होतो.

एका सकाळी परसातून तिची हाक आली, "अरे, बघ रे, दुसराही फुटला!"

तांबड्या भोपळ्याचा वेल होता. नारळाएवढे कोवळे फळ देठापासून बुडापर्यंत उकलले होते. आधीचे एक असेच गेले होते. आता वेलावर एकच उरले. मावशीचा जीव त्यात अडकला होता, तो भाजीसाठी नव्हे. बी माझ्या आईने दिलेले. आई गेली, डबीतले बी संपले आणि कोवळ्या फळातले बी काही रुजत नाही.

"आणि पाण्याला मी कमी करत नाही हो," मावशी म्हणाली.

मेख तिथेच होती. तिच्याकडे नळ एक दिवसाआड यायचा. पाण्याच्या दिवशी ती वेलाला दोन बादल्या ओतायची, दुसऱ्या दिवशी थेंब नाही. तिकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वर लू वाहते. कोरड्या दिवशी फळाची वाढ अडते, उन्हाने साल टणक होते. मग एकदम पाणी मिळाले की आतला गर भराभर फुगतो. सालीला तेवढे ताणता येत नाही आणि फळ तडकते. उन्हाळा संपताना पहिला जोराचा पाऊस झाला की आपल्याकडेही हेच होते. त्यात मावशीने वेल पिवळा दिसला म्हणून मूठभर युरिया टाकला होता. त्यानेही वाढ अशीच घाईची होते.

आम्ही पाणी वाढवले नाही, वाटले. एक बादली त्या दिवशी सकाळी बुंध्याशी, दुसरी पिंपात झाकून दुसऱ्या दिवसासाठी. आळ्यात कडुनिंबाचा वाळका पाला चार बोटे पसरला, म्हणजे ओल टिकते. फळावर दुपारच्या उन्हाला जुने सुती फडके, खाली सुके गवत. युरिया बंद.

तडकलेले प्रत्येक फळ तोडावे लागत नाही. चीर बारीक आणि कोरडी असेल तर ती खरपुडी धरून भरते. ओली, खोल असेल तर लगेच काढून शिजवावे. सालीवर बारीक टोचा आणि त्यातून डिंक दिसला तर तो फळमाशीचा उद्योग. असे किडके फळ वेलाखाली पडू देऊ नये, खोल पुरावे. आमचे दुसरे फळ त्याच दिवशी मेथ्यांच्या फोडणीत गेले.

मी परतलो. मावशीचा फोन आला की आधी भोपळ्याची खबर असायची. जूनअखेर देठ वाळला, साल नखाला दाद देईना, तेव्हा तिने फळ उतरवले.

ऑगस्टमध्ये टपालाने पाकीट आले. आत बारा बिया आणि मावशीच्या अक्षरात दोन ओळी : "बी ताईचे आहे. पाणी रोज घाल, पण बेताने."