हिमरू उलटून बघा!

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना वेरूळ दाखवतो, बीबी का मकबरा दाखवतो आणि निघताना एक हिमरू शाल हातात ठेवतो. पण 'हिमरू म्हणजे नेमकं काय हो?' असं त्यांनी विचारलं तर? आपली बोलती बंद!

फंडा सोपा आहे. राजेरजवाड्यांचं कापड म्हणजे किनखाब. रेशीम आणि त्यावर सोन्या-चांदीची जर. दिसायला झक्कास, पण अंगावर जड आणि खिशालाही. हिमरूत उभे धागे सुताचे, आडवे रेशमाचे, आणि जरीला सुट्टी! 'सारखं दिसणारं' असाच या नावाचा अर्थ सांगतात. थोडक्यात, बजेटमध्ये रॉयल लुक. नक्षीचे रेशमी धागे मागे सैल सुटतात, म्हणून कापड मऊ आणि उबदार. शाल, शेरवानी, रजई... सगळ्याला फिट्ट.

हिमरूचा भाऊबंद मशरू. वर रेशमाची चकाकी, आत अंगाला सूत. पुरुषांनी निव्वळ रेशीम घालू नये, या मुस्लिम धर्मनियमावर काढलेली ही तोड. 'मशरू' म्हणजे शरियतला मान्य. आपल्या उन्हाळ्यात तर आतलं सूत घामही टिपतं!

आपल्याकडची अशी कापडं जगभर गेली. १८व्या शतकात अमेरिकेतल्या वसाहतींच्या दुकानांतही भारतीय छीट मिळायची. कुणी गाऊन शिवायचं, कुणी पडदे. कालिकतवरून 'कॅलिको' शब्द आला, मुंबईच्या डोंगरीवरून 'डंगरी'. हे शब्द आजही आहेत, ते मूळ कापड मात्र कुणाला आठवत नाही.

हिमरूचंही तसंच व्हायला नको. हातमागावर ते विणणारे आता बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. दुकानात हिमरू म्हणून यंत्रमागावरचं, कृत्रिम धाग्याचं कापडही खपवतात. तेही घ्या ना, पण हातमागाचे पैसे मोजून नको!

म्हणून खरेदीआधी कापड उलटून मागचे धागे बघा. एखादा सुटा धागा मागून घ्या आणि घरी जाळा. सूत कागदासारखं जळतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टरची कडक गोळी होते. शाल नको असेल तर कुर्त्यावर बंडी शिवा, ऑफिसातही चालेल. आणि हो, 'माग बघायला मिळेल का?' हे जरूर विचारा. असं विचारणारं गिऱ्हाईक दारात आलं, तरच विणकराच्या पोराला मागावर बसावंसं वाटेल.